२६ फुटी शिडाच्या होडीवर दोन सोलर पॅनेल कशी जोडावीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. होडी २६ फुटी, फायबरची, मांडव्याजवळ मूरिंगवर (तळाशी रुतवलेल्या बोयाला बांधून) उभी असते. आत लहान डिझेल इंजिन आहे. बॅटऱ्या दोन, दोन्ही एजीएम (बंद, पाणी घालावं न लागणाऱ्या): दिवे, रेडिओ वगैरेसाठी १०० अँपिअर-अवरची आणि इंजिन स्टार्ट करायला ६५ ची. १०० वॉटची दोन पॅनेल आणि स्क्रीनवाला २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत किती जायची ते ठरवणारी डबी, त्यातला साधा प्रकार) घेऊन झालाय. आता पॅनेल सिरीजमध्ये (एकामागे एक) लावायची की पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस), दोन्ही बॅटऱ्या कशा चार्ज होतील, आणि जानेवारीत गोव्याला जाताना १२ व्होल्टचा छोटा फ्रिज यावर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

मी गेली वीसेक वर्षं मुंबई ते गोवा या पट्ट्यात होड्यांवरची वीज जोडतो आणि दुरुस्त करतो. "सोलर नीट चार्ज करत नाही" अशी तक्रार आली की पॅनेलच खराब निघालंय असं फार क्वचित होतं. ऊन पडतं, वीज तयारही होते, आणि पॅनेलपासून बॅटरीपर्यंतच्या आठ-दहा मीटरच्या वाटेत ती कुठेतरी गळते. त्यामुळे माझं उत्तर मुख्यतः त्या वाटेबद्दल आहे.

आधी फ्रिजचं सांगून टाकतो, कारण त्यावर बाकीचा हिशोब बसतो. फ्रिज चालणार नाही. रात्रंदिवस होडी हाकत असताना २४ तासांचा खर्च मांडून बघा. टिलर पायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) सरासरी पाऊण-एक अँपिअर खातो, म्हणजे २० अँपिअर-अवर. सात इंची प्लॉटर (नकाशाची स्क्रीन) तेवढाच. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तरी १० च्या आसपास. एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) ५. डोलकाठीवरचा एलईडी दिवा रात्रभरात ३. पंखा, केबिनचे दिवे, दोन मोबाइल मिळून १०. बेरीज ६८ झाली. आपल्या हवेत छोटा कॉम्प्रेसर फ्रिज निम्मा वेळ तरी चालू राहतो आणि त्याचे एकट्याचे ४० ते ५० होतात.

आता जमेची बाजू. जानेवारीत भर दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच येतो. आडवी ठेवलेली २०० वॉटची पॅनेल, वर शिडाची सावली, काचेवर मीठ, हे सगळं धरून मी दिवसाला ४० ते ५० अँपिअर-अवर धरतो. मे महिन्यात यापेक्षा बरंच जास्त मिळतं, पण तुम्ही जानेवारीत निघताय. म्हणजे फ्रिज नसतानाही रोज वीसेक अँपिअर-अवरची तूट आहे. १०० च्या एजीएममधून ५० च्या खाली उतरायचं नसतं, तेव्हा ही तूट तुम्ही दोन दिवस सहज पेलाल. प्लॉटरची स्क्रीन मंद ठेवली आणि बंदरात शिरता-निघताना इंजिन तासभर चाललं की तीही भरून निघते. फ्रिज जोडलात तर दुसऱ्या रात्री पायलट बंद पडेल आणि तुम्ही थकलेले असताना सुकाणू हातात येईल. त्यापेक्षा चांगली आइसबॉक्स घ्या. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, जिथे जिथे मासळी उतरते तिथे बर्फ मिळतो. तो पोटात घालायचा नाही, बाटल्यांभोवती रचायचा.

पॅनेल कुठे बसवायची? तुमच्या मापाच्या होडीवर मागच्या रेलिंगवर डावीकडे एक, उजवीकडे एक, ही जागा मला सर्वांत पटते. कॉकपिटवरच्या कापडी छपरावरही लावतात, पण तिथे बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली डोक्यावरच असते. कडक काचेची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची पॅनेल आहेत ना? उत्तम. डेकला चिकटवायची लवचिक पॅनेल दिसायला सुबक असतात, पण त्यांना पाठीमागून वारा लागत नाही. मे महिन्यात अशा पॅनेलवर हात ठेववत नाही. दोन-तीन हंगामांत त्यांचा वरचा थर पांढुरका पडून सुटायला लागलेला मी बऱ्याच होड्यांवर पाहिलाय. तुमच्या पॅनेलखाली बोटभर तरी मोकळी जागा ठेवा. दक्षिणेकडे कलती करायच्या भानगडीत पडू नका. मूरिंगवर भरती-ओहोटीबरोबर होडीचं तोंड दर सहा तासांनी फिरतं, तिथे दक्षिण कुठली धरणार? पाणी आणि मीठ वाहून जाण्यापुरता किंचित उतार दिला की झालं. स्टेनलेसचे स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये घातलेत तर खाऱ्या हवेत फ्रेम स्क्रूभोवती पांढरी भुकटी होऊन झिजते. नायलॉनचे वॉशर घाला.

सावलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सिरीज की पॅरलल याचं उत्तर तिथेच आहे.

तुमच्या १०० वॉटच्या पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि मागच्या डबीत बहुधा दोन बायपास डायोड असतात, प्रत्येक १८ सेलना एक. बूमची सावली एका सेलवर जरी पूर्ण पडली तरी त्या १८ सेलची रांग डायोडमार्फत वगळली जाते. उरलेल्या निम्म्या पॅनेलचा दाब (व्होल्टेज) राहतो ९ व्होल्टच्या आसपास. ९ व्होल्टने १२ ची बॅटरी भरत नाही. म्हणजे सावली एका कोपऱ्यावर, आणि पॅनेल जवळपास सगळंच गेलं. घारीची किंवा पाणकावळ्याची एक शिंतोड बरोबर एका सेलवर वाळली तरी हेच होतं.

दोन पॅनेल पॅरललमध्ये असली तर सावलीतलं झोपतं आणि दुसरं आपलं काम चालू ठेवतं. सिरीजमध्ये दोघांचा मिळून दाब ३६ असतो. निम्मं एक गेलं तरी २७ उरतात आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचा जास्तीचा दाब उतरवून त्या बदल्यात करंट वाढवणारा प्रकार) त्यातून १४ व्होल्ट सहज काढतो. कागदावर सिरीज इथे जिंकते. होडीवर मात्र सावली एका जागी थांबत नाही. होडी डुलते, दोरखंडांच्या बारीक सावल्या काचेवर मागेपुढे सरकत राहतात, आणि साधा कंट्रोलर तेवढ्या वेगाने जास्तीत जास्त वीज देणारा बिंदू शोधू शकत नाही. म्हणून माझा सल्ला असा: जमत असेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा १० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर लावा आणि दोघांचे आउटपुट एकाच बॅटरीवर न्या. एकाच कंट्रोलरचं बजेट असेल तर पॅरलल जोडणी आणि १५ अँपिअरचा एक. तुमच्याकडच्या पीडब्ल्यूएमवर सिरीज मुळीच करू नका. तो पॅनेलचा दाब बॅटरीच्या पातळीला ओढतो, निम्मी ताकद तिथेच जाते, आणि ४४ व्होल्टचा ओपन सर्किट (काहीच जोडलेलं नसतानाचा) दाब बऱ्याच स्वस्त कंट्रोलरना झेपतही नाही.

वाटेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना दुपारचा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे तुमच्या मागून-उजवीकडून येतो. शीड डावीकडे जातं आणि पश्चिमेचं ऊन उजव्या पॅनेलवर मोकळं पडतं. परतताना तोच वारा समोरून-डावीकडून लागतो आणि होडी उजवीकडे, पूर्वेला कलते. दोन्ही पॅनेल दुपारच्या उन्हाकडे पाठ फिरवतात. जातानाच्या आकड्यांवर परतीचा हिशोब करू नका. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर ही उणीव अर्थात जाणवत नाही, तेव्हा ऊनच नसतं.

आता पीडब्ल्यूएम विरुद्ध एमपीपीटी. दुकानात सांगतात की एमपीपीटीने तीस टक्के जास्त मिळतं. थंड देशात मिळतही असेल. पॅनेलवर लिहिलेले १८ व्होल्ट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे. आपल्याकडे भर दुपारी सेल ६५ अंशांवर जातो आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का उतरत ते १८ व्होल्ट १५ च्या जवळ येतात. बॅटरी भरत आलेली, तिचा दाब १४. पंधराचे चौदा करण्यात एमपीपीटीला कमावण्यासारखं फारसं उरत नाही. बॅटरी उतरलेली असते तेव्हा, सकाळच्या गारव्यात आणि ढगाळ दिवशी त्याचा फायदा खरा दिसतो. तेव्हा चांगल्या प्रतीचा पीडब्ल्यूएम असता तर मी तुम्हाला तोच वापरा म्हटलं असतं. पण तुमचा तसा नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी मांडवीवरच्या एका होडीवर मला बोलावलं होतं. मालक म्हणाले, केबिनमध्ये कुजक्या अंड्यासारखा वास येतोय. फळी उचलली. एजीएम बॅटरीच्या दोन्ही बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आलेल्या, वरून हात ठेवला तर चटका बसला. टर्मिनलवर मीटर धरला: १५.९ व्होल्ट. कंट्रोलरच्या स्क्रीनवर मात्र बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं आणि चार्जिंग बंद असल्याची खूण. मी पॅनेलची वायर उपटली, तसा आकडा उतरायला लागला. म्हणजे कंट्रोलरने बंद म्हटलं तरी पॅनेलमधून करंट आत चाललाच होता.

झालं होतं असं. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर कॉमन पॉझिटिव्ह असतात. आत पॅनेलचा प्लस आणि बॅटरीचा प्लस थेट एक असतात आणि चालू-बंद करणारा स्विच मायनसच्या बाजूला असतो. घराच्या गच्चीवर याने काही बिघडत नाही. होडीवर मात्र सगळे मायनस एका बसबारवर (धातूच्या पट्टीवर) आणायची पद्धत असते. जोडणाऱ्याने पद्धतीप्रमाणे पॅनेलचा मायनसही त्याच बसबारवर आणला. कंट्रोलरचा स्विच वळसा घालून ओलांडला गेला आणि पॅनेल सरळ बॅटरीला जोडल्यासारखं झालं. जोडणाऱ्याचं काम नीटनेटकं होतं, प्रत्येक वायरला लेबल होतं. त्याला आत काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तुमचा कंट्रोलर तपासायला अर्धा मिनिट लागेल. सगळ्या वायरी काढा, मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवा आणि पॅनेल-मायनस व बॅटरी-मायनस या दोन टर्मिनलना टोकं लावा. बीप आली तर कॉमन निगेटिव्ह, होडीला योग्य. बीप प्लस-प्लसवर आली आणि मायनसवर नाही, तर तो घरी बाल्कनीतल्या दिव्यासाठी ठेवा. वर्णनावरून तुमचा दुसऱ्या प्रकारातला वाटतो. शिवाय त्याला तापमानाचा सेन्सर नसेल. इंजिनशेजारी बॅटरी ४२ अंशांवर असते तेव्हा १४.४ व्होल्ट तिला जास्त होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणजे तिथे १४ च पुरे. सेन्सर नसलेला कंट्रोलर हे करत नाही, आणि एजीएममध्ये वरून पाणी घालता येत नाही. ती आतल्या आत सुकते.

नवा एमपीपीटी घ्याल तेव्हा तो खरंच एमपीपीटी आहे का हेही बघा. नाव एक आणि आत दुसरंच, असा माल मी मुंबईच्या लोहार चाळीतून येताना पाहिलाय आणि ऑनलाइनही. उतरलेल्या बॅटरीवर जोडा, उन्हात ठेवा आणि पॅनेलच्या बाजूचा दाब मोजा. बॅटरी १२.५ वर असताना पॅनेलही १३ च्या आसपास दाखवत असेल तर तो पीडब्ल्यूएम आहे, डबीवर काहीही छापलेलं असो. खऱ्यात पॅनेल १५ ते १७ दाखवेल आणि बॅटरीकडे जाणारा करंट पॅनेलकडून येणाऱ्यापेक्षा जास्त असेल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असला तर हे डोळ्यांना दिसतं.

वायरीकडे वळू. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का करून घ्यायच्या ते आठवा. होडीवरच्या वायरीलाही तेच लागतं: आतल्या तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा मुलामा. घरात वापरतो ती साधी वायर पहिल्या वर्षी उत्तम चालते. खारी हवा टोकातून आत शिरते, केशाकर्षणाने वायरीच्या आतून चढत जाते, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही आवरण सोललंत तर आत चकाकणारं तांबं नसतं, काळपट-हिरवी भुकटी असते. मी एकदा टोकापासून हातभर कापत गेलो तरी स्वच्छ तांबं लागलं नव्हतं. शेवटी सबंध वायर बदलली. टिन्ड केबल महाग पडते, पण तुम्हाला लागणार आहे वीसेक मीटर. इथे पैसे वाचवू नका.

जाडी किती? पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत तुमचं अंतर आठ मीटर धरतो. जाऊन-येऊन सोळा. एका पॅनेलचे ६ अँपिअर ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीतून गेले तर ०.४ व्होल्ट वाटेत जातात. १८ मध्ये हे चालतं. २.५ ची वायर घेतलीत तर पाऊण व्होल्टच्या जवळ जाल. पॅरललमध्ये दोन्ही पॅनेलचा करंट एकाच वायरीने आणणार असाल तर ६ घ्या.

कंट्रोलर ते बॅटरी हे शेवटचे दोन मीटर त्याहून महत्त्वाचे आहेत, आणि लोक नेमका तिथेच उरलासुरला तुकडा वापरतात. कंट्रोलर दाब मोजतो तो स्वतःच्या टर्मिनलवर. तिथून बॅटरीपर्यंत ०.३ व्होल्ट गळत असतील तर तो १४.४ समजून हात आखडता घेतो तेव्हा बॅटरीला १४.१ च मिळत असतात. करंट कमी होत जाईल तशी गळतीही कमी होते, म्हणजे शेवटी बॅटरी भरेल. पण त्याला जास्तीचे तास लागतात आणि सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून कंट्रोलर बॅटरीजवळ, एक-दोन मीटरवर बसवा आणि ६ स्क्वेअर एमएम वापरा. मात्र बॅटरीच्या डोक्यावर नको. तिथे ऊब असते, आणि जुन्या पाण्याच्या बॅटऱ्या असतील तर हायड्रोजनही. (इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून होडीत ठेवणारेही भेटतात. होडी वीस-पंचवीस अंश कलली की तिचं अ‍ॅसिड झाकणातून बाहेर येतं. तुमच्या एजीएम आहेत ते फार बरं.)

टोकांना लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, तेही रॅचेटच्या हत्याराने, आणि वर गोंदवाली हीटश्रिंक चढवा. पकडीने चेपलेला लग ओढून बघा, निम्मे हातात येतात. सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने तुटते. डेकमधून वायर आत घेताना ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं पाणीरोधक बूच) वापरा आणि ग्लँडच्या बाहेर वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, वायरीवरून आत येणार नाही. सीलंट पॉलियुरेथेनचा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन धातूला खातो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १८ सेंटिमीटरच्या, म्हणजे एका वितीच्या आत हवा. तो कंट्रोलरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडू शकते, पॅनेल सहाच्या वर जाऊ शकत नाही. आग लागते ती बॅटरीच्या बाजूने. १५ अँपिअरच्या कंट्रोलरला २० चा फ्यूज. दोन पॅनेल पॅरललमध्ये असताना पॅनेलच्या बाजूला फ्यूजची गरज नाही, तिसरं लावाल तेव्हा लागेल. सोलरची ही वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर घ्या. सोमवार ते शुक्रवार होडी एकटी असते, स्विच बंद असतो, आणि नेमकं तेव्हाच सोलरने बॅटरी भरायची आणि बिल्ज पंपाने तळात साचलेलं पाणी काढायचं असतं. बिल्ज पंपही असाच, स्वतःच्या फ्यूजसह थेट.

जोडताना क्रम पाळा: आधी बॅटरी, कंट्रोलर जागा होऊ द्या, मग पॅनेल. काढताना उलट. पॅनेलचे एमसी४ कनेक्टर उन्हात करंट वाहत असताना उपटू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, कनेक्टर जळतो. पॅनेलवर चादर टाका, मग हात लावा.

दुसरी बॅटरी. स्टार्टरची ६५ ची बॅटरी इंजिन सुरू करताना थोडीशीच रिकामी होते आणि इंजिनवरचा अल्टरनेटर ती भरून देतो. तिला सोलरकडून फक्त टिकून राहण्यापुरतं लागतं. सगळा सोलर घरगुती, म्हणजे दिव्यांच्या १०० च्या, बॅटरीवर न्या आणि दोघींमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, म्हणजे व्हीएसआर बसवा. घरगुती बॅटरी १३.३ च्या वर गेली की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली आली की तोडतो. ढगाळ सकाळी तो टक-टक करत जोडत-तोडत राहतो. सोलर अशक्त असतो, रिले जोडला की दाब पडतो, दाब पडला की रिले सुटतो. त्यात बिघाड नाही, पण कोणाला तो आवाज सहन होत नसेल तर दोन आउटपुटचा कंट्रोलर घेता येतो. जुन्या पद्धतीचा डायोड आयसोलेटर मात्र नको, त्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट कायमचे जातात, आणि आपण वायरीत दशांश वाचवायला एवढी धडपड केली. पुढे कधी घरगुती बॅटरी लिथियमची केलीत तर हा रिले काढावा लागेल, मधे बॅटरी-टू-बॅटरी चार्जर येईल आणि अल्टरनेटरचाही वेगळा विचार करावा लागेल. तो वेगळा विषय आहे. नुसती बॅटरी बदलून चालत नाही एवढं आता लक्षात असू द्या.

सेटिंग: बॅटरीच्या कागदावर लिहिलेले आकडे पहिले. ते नसतील तर एजीएमला अ‍ॅब्सॉर्प्शन (भरतानाचा दाब) १४.४, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचा दाब) १३.६ आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त दाबाने भरणं) बंद. दोन कंट्रोलर असतील तर दोघांवर एकच आकडे.

सगळं झालं की एक दुपार राखून ठेवा. पंखा, दिवे चालू करा, बॅटरी थोडी उतरलेली असू द्या, म्हणजे करंट खेचला जाईल. बारा-एकच्या उन्हात मीटर घेऊन तीन जागी मोजा: पॅनेल जिथे वायरीला मिळतं तिथे, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर. शिशावर म्हणजे शिशावरच, लगवर टोक ठेवू नका. सैल लग असला तर फरक लग आणि शिसं यांच्यामध्येच लपतो. पॅनेल ते कंट्रोलर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गेला किंवा कंट्रोलर ते बॅटरी ०.१५ पेक्षा जास्त, तर त्या टप्प्यातला प्रत्येक जोड बोटांनी चाचपा. गरम लागेल तो दोषी. हे आकडे तारखेसह होडीच्या वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा गंज कुठे चढतोय ते वहीच सांगेल.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी बघा. व्हीएचएफचा स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारं बटण) उघडा, सोळा नंबरच्या चॅनेलवर नुसतं ऐका आणि पॅनेल झाका-उघडा. उघडल्यावर खरखर वाढली तर कंट्रोलर आणि अँटेनाची केबल एकमेकांपासून लांब करा. मुरूडपासून खाली रात्री मासेमारीच्या जाळ्यांतून वाट काढताना एखादा तांडेल रेडिओवर सावध करत असेल, तेव्हा ती खरखर नको. आणि होकायंत्राजवळून वायर जात असेल तर प्लस-मायनसला एकमेकींभोवती पीळ द्या आणि मीटरभर दूर ठेवा. पॅनेल झाकून आणि उघडून काटा हलतो का ते बघा. मी एका होडीवर काटा सात अंश सरकताना पाहिलाय, तोही फक्त दिवसा.

पावसाळ्याचं राहिलं. मेच्या शेवटी होडी वर घ्याल, ताडपत्रीने शाकाराल. ताडपत्रीखाली पॅनेलला ऊन नाही, पण कंट्रोलर आणि व्हीएसआर मिळून बॅटरी थेंब थेंब पीत राहतात. चार महिन्यांत एजीएम इतकी उतरते की परत उठत नाही. म्हणून ताडपत्री टाकण्याआधी पॅनेलवर चादर, मग पॅनेलचे कनेक्टर काढून त्यांच्या तोंडांना रबरी टोप्या, मग फ्यूज, मग बॅटरीचे लग. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून घरी आणा, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.५ च्या खाली गेली की चार्जर लावायचा. लगवर थोडी व्हॅसलीन फासून ते चिंधीत बांधून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोडताना कानस हातात घ्यावी लागणार नाही.